उजव्या चाकाला घाम का फुटला?

१. पांढरं प्रेत

प्रेत प्लास्टिकचं होतं. पांढरं, चार पायांचं, पाठीला तीन फटी असलेलं. बुधवारी सकाळी साडेअकराच्या सुमाराला वाहन-परीक्षेच्या मैदानावर ते एका जुन्या राखाडी गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाखाली सापडलं. दोन पाय जागेवर, एक बंपरात अडकलेला, चौथ्याचा पत्ता नाही. त्या खुर्चीवर एरवी बसणारे परीक्षक साहेब दोनच मिनिटांपूर्वी पाणी प्यायला उठले होते. साहेबांना तहान लागली नसती, तर ही गोष्ट इतक्या मोकळेपणानं सांगता आली नसती.

घडलं ते एवढंच. शिपायानं लाल झेंडा खाली केला. झेंडा खाली आला की करकचून ब्रेक दाबायचा आणि दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध उभं राहायचं, अशी परीक्षा. गाडी उभी राहिली, पण मधोमध नाही.

"बाई, तुम्ही स्टिअरिंग फिरवलंत," साहेब हातातला पेला तसाच धरून म्हणाले.

"मी फिरवलं नाही."

"मग काय खुर्ची चालत आली?"

हा प्रश्न ज्यांना विचारला गेला त्या भूगोलाच्या बाई. वय बासष्ट, चौतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त. असे प्रश्न विचारून घ्यायची त्यांना सवय नव्हती; त्या असे प्रश्न विचारत असत. त्यांनी गाडी मागे घेतली, तीही अगदी सरळ, आणि खुर्चीचे तुकडे गोळा करून डिकीत ठेवले.

"हे कशाला?" शेजारी येऊन बसलेल्या त्यांच्या मुलानं विचारलं.

"पुरावा आहे."

साहेब मनानं मऊ. त्यांनी शनिवारची तारीख दिली. मुलगा मनानं मऊच होता, पण त्याचा मऊपणा वेगळ्या जातीचा. तो म्हणाला, "आई, शनिवारी जमलं तर जमलं. नाही तर गाडी विकून टाकू. माझ्या ऑफिसातला एक जण घ्यायला तयार आहे. वय झालं की हात थरथरतात. त्यात लाजायचं काय?"

बाईंनी खिडकीची काच वर केली. तिथून गाडी निघाली ती थेट गॅरेजात आली.

२. शाई आणि पेन्सिल

त्या गॅरेजात हात भावजींचे चालत आणि कान वहिनींचे. भावजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. गाडी दिसली की ती उघडायची, एवढंच त्यांना ठाऊक. वहिनींनी अकरा वर्षांत एक पाना उचलला नव्हता. दाराशी त्यांचं टेबल, टेबलावर नोंदवही. गिऱ्हाईक जे सांगे ते वहिनी शाईनं लिहीत. जे सांगत नसे ते खाली पेन्सिलीनं. अकरा वर्षांच्या नोंदींवरून त्यांचे काही ठोकताळे बसले होते. "पाणी टाकलं होतं की" म्हणणाऱ्या दहांपैकी सातांनी ते टाकलेलं नसतं. "मी सावकाशच चालवतो" हे दहांपैकी नऊ जण आरशात न बघता सांगतात. आणि "आपोआप झालं हो" हे वाक्य आजवर त्यांनी फक्त लग्न झालेल्या पुरुषांकडूनच ऐकलं होतं.

बाई आत आल्या तसा भावजींनी हातातला पाना पाठीमागे लपवला.

"तू शेवटच्या बाकावरचा ना?" बाई म्हणाल्या.

"हो बाई."

"मग उभा का? आज मी काही सांगितलेलं नाही. बस."

पन्नाशीला आलेले भावजी जवळच्या टायरवर बसले. वहिनींनी बाईंना खुर्ची दिली, पाण्याचा पेला दिला आणि शाईचं पेन उघडलं.

"ब्रेक दाबल्यावर गाडी कुणीकडे जाते?"

"पश्चिमेला."

वहिनींनी मान वर केली.

"मैदानावर माझं तोंड उत्तरेला होतं," बाई म्हणाल्या. "डावं-उजवं माणूस वळला की वळतं. दिशा वळत नाहीत. लिही. ब्रेक दाबताक्षणी पश्चिमेला. ब्रेकवरून पाय काढला की पूर्वेला. ब्रेक न दाबता सरळ उत्तरेला."

"आधी डावीकडे आणि मग उजवीकडे?" भावजी वहिनींच्या कानाशी पुटपुटले. "वहिनी, गाडी एकीकडे ओढते हे ऐकलंय. दोन्हीकडे ओढते म्हणजे बाईच लटपटत असणार."

"मला ऐकू येतं," बाई म्हणाल्या.

भावजी पुन्हा टायरवर बसले.

"एक विचारू का?" वहिनी म्हणाल्या. "या वयात एवढा हट्ट कशाला? मुलगा आहे, जावई आहे."

बाईंनी पेला उचलला. "चौतीस वर्षं मी भिंतीवरच्या नकाशात छडीनं नद्या दाखवल्या. उगम इथे, संगम इथे. त्यातल्या एकीच्याही काठावर मी उभी राहिलेली नाही. आधी सुटीत वह्या तपासायच्या असत, मग यजमानांचं आजारपण. आता मला जायचंय. आणि कुणाच्या रविवारच्या सवडीनं जायचं नाहीये." त्या पाणी प्यायल्या आणि त्यांनी पेला ठेवला. "माझे हात थरथरत असतील तर तसं लिही, मी सही करते. पण आधी सिद्ध कर."

वहिनींनी पेन्सिल घेतली आणि लिहिलं: पेला काठोकाठ होता. थेंबही सांडला नाही.

मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. तिथे बाईंचा मुलगा कधीपासून काहीतरी सांगायला तोंड उघडून उभा होता.

३. रेघेसारखी सरळ

"मी चालवतो तेव्हा काही होत नाही," मुलगा अखेर म्हणाला. "रेघेसारखी सरळ थांबते."

"रोज चालवता?"

मुलानं विचार केला. वहिनींनी तेवढ्यात वहीची रेघ आखली, शाई वाळू दिली. "रोज," तो म्हणाला.

"ब्रेक कसा मारता?"

"मारत नाही. टेकवतो. आता आमच्या वळणाला थांबायचं असेल, तर मी औषधाच्या दुकानापासूनच सुरुवात करतो."

"त्याच्या मागे गाड्यांची मिरवणूक लागते," बाई म्हणाल्या. "लहानपणी याला हाक मारली की वरण उकळून खाली येईपर्यंत 'ओ' यायची."

मुलगा खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणारा माणूस उत्तर तयार ठेवून येतो. याचं प्रत्येक उत्तर ताजं होतं, फक्त उशिरा निघालेलं. वहिनींनी पेन्सिलीनं लिहिलं: खरं बोलतो. सगळं सावकाश. त्या सावकाशखाली त्यांनी रेघ का मारली, ते त्यांना तेव्हा सांगता आलं नसतं.

पुढचा संशयित शेजारच्याच दुकानात होता. टायरमध्ये हवा भरतो म्हणून त्याला सगळे हवालदार म्हणत, आणि हे नाव मिळाल्यापासून तो छाती काढून चालत असे. महिन्याभरापूर्वी याच गाडीचे टायर त्यानं बदलले होते.

"माझ्यावर येऊ नका वहिनी," हवालदार फडक्यानं हात पुसत म्हणाला. "टायर कमी-जास्त असता तर गाडी येता-जाता ओढली असती. ब्रेक न दाबता सरळ जाते म्हणतात ना बाई? मग टायर सुटला."

"टायर सुटला, की तू सुटलास?"

"दोघंही. पण एक सांगतो, माझं नाव सांगू नका. गाडी माझ्याकडे आली त्याआधी कुणीतरी पुढची दोन्ही चाकं काढली होती. नटांवर ताजे ओरखडे होते. गॅरेजवाल्याचा हात नव्हे तो. घरच्या पान्याचा."

"कुणाच्या घरच्या?"

हवालदारानं हळूच हनुवटी रस्त्याकडे केली. फोन करून बोलावलेले जावई तेवढ्यात रिक्षातून उतरत होते. हातात त्यांनी स्वतःची अवजारांची पेटी आणली होती.

४. दीड सेकंद

जावई हसतमुख, चुणचुणीत. जगातली कुठलीही गोष्ट व्हिडिओ पाहून करता येते, अशी त्यांची श्रद्धा. सासरचा गिझर तिला एकदा बळी पडला होता.

"ब्रेकचे पॅड मी बदलले," ते अभिमानानं म्हणाले. "दोन महिने झाले. एका रविवारी, आईंच्या पोर्चमध्ये. व्हिडिओ तीन वेळा पाहिला. एकदा वेग कमी करून."

बाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. जावयांशी त्या फार जपून, आदरानं बोलत, आणि म्हणून जावई त्यांना जरा जास्तच घाबरत.

"दोन्ही चाकांचं काम सारखंच केलंत?" वहिनींनी विचारलं.

"हो." जरा थांबून, "सारखंच."

"काही सांडलं, लवंडलं?"

"छे, छे!"

पेन्सिल: 'सारखंच' म्हणायला दीड सेकंद लागला. 'छे' दोनदा.

भावजींनी एव्हाना गाडी उचलून डावं चाक काढलं होतं. गाडी डावीकडे जाते ना, मग दोष डावीकडे, असा त्यांचा रोखठोक हिशेब. पण डाव्या चाकाचा ब्रेक बघून तो हिशेब कोलमडला. पॅड सारखे झिजलेले, डिस्क गुळगुळीत, सगळं मोकळं. "जावयांनी काम झकास केलंय," ते नाइलाजानं म्हणाले. जावयांनी बाईंकडे बघितलं. बाई भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या.

"भावजी," वहिनी टेबलावरूनच म्हणाल्या, "दोन मुलं हात धरून पळतायत. डावीकडचा गपकन थांबला, उजवीकडचा थांबलाच नाही. दोघं कुणीकडे वळतील?"

"डावीकडे."

"मग कान कुणाचा धरायचा?"

भावजींनी डोक्यावर हात मारला. "न थांबणाऱ्याचा! उजवा!"

उजवं चाक खोलण्याआधी वहिनींनी डावं चाक परत बसवून गाडी फिरवून आणायला लावली. भावजी मागच्या रिकाम्या रस्त्यावर गेले आणि दहा वेळा करकचून ब्रेक मारून परत आले. चेहरा पडलेला होता. "बाईंचं बरोबर आहे. दाबला की डावीकडे. पाय काढला की उजवीकडे. माझे हात थरथरत नाहीत, वहिनी."

"नोंद करते."

"पश्चिम आणि पूर्व," बाई म्हणाल्या.

वहिनी उठल्या. त्यांनी पाण्याचं भांडं घेतलं आणि आधी डाव्या चाकावर पाणी शिंपडलं. पाणी ओघळलं, मग हळूहळू वाळलं. मग उजव्या चाकावर.

चर्र झालं. वाफ निघाली. सगळे एक पाऊल मागे सरकले.

५. आळशाचा घाम

"याला अर्थ नाही," भावजी म्हणाले, आणि अर्ध्या तासात ते त्यांनी पाच वेळा म्हटलं. "चाक तापलं म्हणजे त्यानं ब्रेक जास्त लावला. जास्त लावला तर गाडी उजवीकडे जायला हवी. जाते डावीकडे. म्हणजे उजवं चाक कमी ब्रेक लावतं. कमी लावतं तर तापलं कशाला? जो काम करत नाही त्याला घाम कसा फुटला?"

"आमच्या ऑफिसात असा एक आहे," मुलगा म्हणाला. पण त्याचं बोलणं पूर्ण होईतो विषय पुढे गेला होता.

भावजींनी गाडी उचलली आणि उजवं चाक हातानं फिरवून पाहिलं. हलेना. ब्रेकवर कुणाचा पाय नव्हता, तरी चाक आवळलेलं. "सापडला!" भावजी ओरडले. "पॅड दाबणारा आतला पिस्टन अडकलाय. तो बदलला की झालं." चाक एवढं तापलेलं होतं की थंड होईपर्यंत थांबावं लागलं. सगळ्यांनी चहा घेतला.

चहा घेऊन आले तर चाक मोकळं. बोटानं ढकललं तरी गरगर फिरत होतं.

भावजींनी ते तरीही खोललं. पिस्टन लोण्यासारखा आत गेला. पॅड नीट, पिना नीट, ग्रीस ताजं. जावई म्हणाले, "बघा!" भावजी जमिनीवर बसले आणि फडकं डोक्यावर टाकून घेतलं. त्यांच्याकडचे सगळे संशयित निर्दोष सुटले होते. उरल्या होत्या फक्त बाई.

"म्हणजे आईच," मुलगा हळू आवाजात म्हणाला. "आई, मी तुला दोष देत नाहीये."

बाईंनी पर्स उचलली.  त्यांनी तिची चेन लावली, आणि ती एका झटक्यात लागली नाही.

वहिनी हे बघत होत्या. त्यांच्या डोक्यात मात्र नवरा आला होता. म्हणजे भावजींचे थोरले बंधू.

"भावजी, तुमचे दादा नाटकाला कसे जातात?"

"दादा? उशिरा. पहिला अंक संपताना पोचतात."

"आणि उठतात कधी?"

"पडदा पडल्यावर झाडणारा येऊन सांगतो तेव्हा." फडक्याखालून भावजींचा एक डोळा बाहेर आला. "आता त्यांचं काय?"

"चहाला किती वेळ लागला?"

"वीसेक मिनिटं."

"ब्रेकवरून पाय काढलात तेव्हा चाक आवळलेलं. वीस मिनिटांनी आपलं आपण सुटलं. चाक आळशी नाही, भावजी. त्याला निरोप उशिरा मिळतो. थांब म्हटलेलं उशिरा पोचतं, म्हणून गाडी आधी डावीकडे. सोड म्हटलेलंही उशिरा पोचतं, म्हणून मग उजवीकडे, आणि म्हणून तापतं." त्यांनी वही मिटली. "निरोप जातो कशातून?"

भावजींनी फडकं डोक्यावरून ओढून काढलं. सगळ्यांच्या नजरा ब्रेकचं ऑइल उजव्या चाकाकडे नेणाऱ्या एका काळ्या, करंगळीएवढ्या जाड, हातभर लांब रबरी पाइपाकडे गेल्या. बाहेरून तो अगदी धडधाकट दिसत होता.

"बाई," वहिनी म्हणाल्या, "तुमच्या घरी जरा येऊ का? आत्ताच. आणि बाकी कुणी गॅरेजातून हलायचं नाही."

जावयांनी अवजारांच्या पेटीवर हात ठेवला.

६. पोर्चमधला डाग

बाईंचं घर दोन गल्ल्या पलीकडे. पोर्च स्वच्छ, करड्या फरशीचा. गाडी उभी राहायची जागा चार टायरांच्या पुसट खुणांनी आखलेली. वहिनी त्या चौकोनाभोवती एक फेरी मारून आल्या. पुढच्या डाव्या चाकाच्या जागी, फरशीवर बशीएवढा पिवळट डाग होता. घासघासून कडा उडालेल्या, पण डाग कायम. पुढच्या उजव्या चाकाच्या जागी फरशी कोरी.

"हा कधीचा?"

"त्याच रविवारचा." बाईंचा आवाज कडक झाला. "जावई डाव्या चाकाशी बसले होते. मी चहा घेऊन आले तर वरच्या डबीतून ब्रेकचं ऑइल ओघळून इंजिनाखालून माझ्या फरशीवर! जावई असले म्हणून काय झालं, मी बोलले."

"काय बोललात?"

"फार नाही. एवढंच म्हणाले, की दुसऱ्या चाकाच्या वेळी एक थेंब जरी खाली दिसला तर इथून पुढे या घरात चमच्यालासुद्धा हात लावायचा नाही."

"मग?"

"मग एक थेंब पडला नाही." बाई समाधानानं म्हणाल्या. "नीट सांगितलं की लोक नीट करतात."

वहिनींनी पर्समधून पेन्सिल काढली. पण काही लिहिलं नाही. त्या कोऱ्या फरशीकडे बघत राहिल्या, आणि मग फार सौम्यपणे म्हणाल्या, "बाई, चला. पण रागावणार नाही असं आधी वचन द्या."

"कुणावर?"

वहिनी तोवर फाटकाबाहेर पडल्या होत्या.

७. वरचा जोड, खालचा नट

गॅरेजात सगळे होते तसे होते. हवालदारही काही काम नसताना येऊन उभा राहिला होता. भावजींनी उजवं चाक परत बसवलं, गाडी उचलून ठेवली. मुलाला आत बसवून ब्रेक दाबायला सांगितला.

"टेकवू नका," वहिनी म्हणाल्या. "मारा."

मुलानं डोळे मिटून मारला आणि सोडला. चाक आवळलेलं.

"आता पाइपाचा वरचा जोड सैल करा. इंजिनाकडचा."

भावजींनी केला. दोन थेंब आले. चाक हललं नाही.

"घट्ट करा. आता खालचा. चाकावरचा, हवा काढायचा छोटा नट."

भावजींनी पाना लावून जरासा फिरवला. ऑइलची चिळकांडी हवालदाराच्या छातीवर उडाली आणि चाक गपकन मोकळं झालं.

"वरून सोडलं तर सुटत नाही, खालून सोडलं तर सुटतं," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे दाब या दोघांच्या मधे कोंडला होता. मधे पाइपाशिवाय काही नाही. तो बाहेरून ठीक आहे. आतलं अस्तर फाटून दाराच्या पडद्यासारखं लोंबतंय. जोर लावला की ऑइल हळूहळू आत जातं, पण परत यायला अस्तर वाट देत नाही." त्या मुलाकडे वळल्या. "आणि म्हणून तुम्हाला कधी कळलं नाही. तुम्ही औषधाच्या दुकानापासून ब्रेक टेकवता. तेवढ्या वेळात निरोप दोन्ही चाकांना पोचतो. आईंना झेंड्याला थांबायचं होतं. त्यांचे हात थरथरत नाहीत. तुमचा पाय फार सभ्य आहे."

मुलानं आईकडे बघितलं. मग तो गाडीतून खाली उतरला.

"पण पाइप फाटला कसा?" भावजींनी विचारलं. त्यांनी तो सोडवून हातात घेतला होता.

"पुसा."

भावजींनी फडक्यानं मळ पुसला. रबरावर समोरासमोर बारीक खड्ड्यांच्या दोन ओळी होत्या.

"दात!" हवालदार म्हणाला. "कुणीतरी चावलंय!"

"डाव्या चाकाला नवे पॅड बसवायला जावयांनी पिस्टन मागे दाबला," वहिनी सांगू लागल्या. "ऑइल उलटं वर गेलं, डबी भरून वाहिली, फरशीवर डाग पडला. उजव्या चाकालाही पिस्टन दाबावाच लागतो. मग तिथे थेंब का नाही? ऑइलची वाट वरच्या वर बंद केली म्हणून. जावईबापू, तुमच्या पेटीतली पकड दाखवता?"

जावयांनी पेटी उघडली. पकड होती ती दाबली की अडकून बसणारी, मगरीच्या जबड्यासारखी दातेरी. भावजींनी तिचा जबडा पाइपावर धरला. खड्ड्यात दात बरोबर बसले.

"पाइप चिमटला, खालचा नट सैल केला, ऑइल बाटलीत घेतलं," जावई खाली बघत म्हणाले. "एक थेंब पडू दिला नाही. मग जेवायला हाक आली. जेवणानंतर आई म्हणाल्या, जरा पडा. मी पडलो. पकड तशीच राहिली, संध्याकाळपर्यंत."

"व्हिडिओत काय सांगितलं होतं?"

"दातेरी पकड लावू नका, असंच." त्यांचा आवाज आणखी खाली गेला. "तिसऱ्यांदा पाहिला तेव्हा ते ऐकलं होतं. गाडी ओढते म्हटल्यावर मला शंका आली होती. पण सगळे म्हणाले वयामुळे होतंय. मला वाटलं, असेलही."

 वहिनींना इथवरचं माहीत होतं. पुढचं मात्र त्यांच्या वहीत नव्हतं. बाई जावयांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. भावजींचे पाय आपोआप जुळले.

"मी फरशीवरून बोलले म्हणून तुम्ही हे केलंत," बाई म्हणाल्या. "अर्धी चूक माझी."

"नाही आई..."

"अर्धीच. उरलेली अर्धी तुम्ही दोन महिने पोटात ठेवलीत आणि मला म्हातारी होऊ दिलीत. ती मी वाटून घेणार नाही." मग मुलाकडे वळून, "आणि तू. तुझा यात काहीच दोष नाही. तू फक्त ताबडतोब विश्वास ठेवलास. आयुष्यात पहिल्यांदा ताबडतोब काही केलंस, तेही हे."

मुलानं फोन काढला आणि गॅरेजाच्या दारात जाऊन ऑफिसातल्या त्या गिऱ्हाइकाला नकार कळवला. बोलणं लांबलं नाही.

भावजींनी पुढचे दोन्ही पाइप नवे घातले. एकच घातला तर चाललं असतं, पण बाई बघत होत्या.

८. झेंडा

शनिवारी मैदानावर साहेब उभे होते. खुर्ची त्यांनी मागवलीच नव्हती. भावजी आणि वहिनी कुंपणाशी. मुलगा आणि जावई एकमेकांपासून चार हातांवर. काचेतून बाईंचा फक्त अंबाडा दिसत होता, आणि तो हलत नव्हता.

झेंडा खाली आला. टायर किंचाळले. गाडीचं नाक खाली वाकलं, वर आलं, स्थिर झालं. वहिनींनी आधी डावी पट्टी बघितली, मग उजवी. दोन्हीकडे सारखं अंतर होतं. साहेब वाकून बघून आले, एकदा नाही, दोनदा, आणि मग त्यांनी कागदावर सही केली.

मुलगा धावत गाडीपाशी गेला आणि सवयीनं चालकाच्या बाजूचं दार उघडलं. बाई उठल्या नाहीत.

"मागे बस."

तो मागे बसला. जावई त्याच्या शेजारी. भावजींना मधे कोंबलं. पुढची जागा वहिनींना मिळाली. फाटकातून बाहेर पडताना समोरून एक सायकलवाला आडवा आला आणि बाईंनी ब्रेक मारला. मागची तिन्ही डोकी एकदम पुढे झुकली, एका ओळीत, आणि एकदम मागे गेली.

"लागलं कुणाला?"

"नाही," तिघं म्हणाले.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. औषधाचं दुकान गेलं. वळण आलं.

"आई," मुलगा म्हणाला, "घर डावीकडे."

"माहीत आहे मला."

वळणही मागे गेलं. आरशात वहिनींना दिसलं, भावजींनी एक बोट वर केलं होतं. "बाई," ते म्हणाले, "गॅरेज उघडं टाकून आलोय."

"हवालदार बघेल. नदी बघून संध्याकाळपर्यंत परत येऊ," बाई म्हणाल्या, आणि गिअर बदलला. समोर रस्ता उत्तरेला जात होता.